पाळणुकीच्या दिवशी लाल होणारं बटण

मी चौथी शिकलेला माणूस, तेव्हा लिहिण्यातल्या चुका काढत बसू नका. आणि आधीच सांगून ठेवतो — भूत, करणी, नजर, यातलं मी काय एक मानत नाय. टोकावड्याजवळच्या आमच्या गावात विचारा, रामभाऊ कोणाचं ऐकत नाय असंच सांगतील. खरंच आहे ते.

आमच्याकडे पावसाळ्यात पाळणूक असते. गावदेवीचा दिवस. त्या दिवशी कोणी बैल जुंपायचे नाय, औत धरायचं नाय. हा दिवस कुठल्या कॅलेंडरात नसतो. गावदेवीचं सगळं बघणारा नामदेवदादा आदल्या संध्याकाळी ठरवतो आणि घरोघर निरोप जातो. तरुणपणी मी मुद्दाम पाळणुकीला नांगर धरलेला. बैल मेला नाय, मी पण नाय.

गोष्ट दोन हजार सात-आठची. माझा मुलगा प्रवीण मुरबाडला खोली घेऊन शेअरचं काम करायचा, फ्युचरचे सौदे, म्हणजे पुढच्या भावावर आज पैसे लावायचे. माळशेज रोडला लागलेला आमचा तुकडा विकून मी सगळे पैसे त्याच्या खात्यात टाकले. भावकी हसली... म्हणे रामानं शेत कॉम्प्युटरात पेरलं. प्रवीणनं एक सॉफ्टवेअर बसवलेलं, त्यात ऑटोचं बटण. ते हिरवं असलं की कॉम्प्युटर आपला आपण माल घेणार, भाव पडायला लागला की आपणच विकून मोकळा होणार. म्हणजे शेताची राखण त्या बटणाकडे.

त्या पावसाळ्यात मी प्रवीणकडेच राहायला होतो. एक दिवस बटण चालूच राहीना. दाबलं की हिरवं, लगेच लाल. लाईट होती, नेट होतं. दुसऱ्या दिवशी आपोआप बरं. पुढे परत एकदा तेच. नंतर गावी गेलो तर कळलं, दोन्ही दिवशी गावात पाळणूक होती! मी मुरबाडला, मला पत्ता नाय. प्रवीणला तर पाळणूक कशाशी खातात ते माहीत नाय. मग कॉम्प्युटरला कोणी सांगितलं?

योगायोग, म्हटलं. प्रवीणला बोललो पण नाय.

पुढच्या वेळी गावात पाळणुकीचा निरोप माझ्या कानानं ऐकला आणि सकाळच्या एसटीनं मुरबाड गाठलं. बटण लाल. आदल्या दिवशीचा सौदा तसाच उघडा, माल विकायचा राहिलेला. प्रवीण दुरुस्तीवाल्याला आणायला कल्याणला निघाला, मला म्हणाला लक्ष ठेवा. दुपारी भाव घसरायला लागला. मी माऊस धरला. दाबलं — हिरवं — लाल. परत दाबलं, परत लाल. मग मी बोट उचललंच नाय. दाबूनच धरलं. तरी माझ्या डोळ्यांदेखत ते लाल झालं.

तेवढ्यात प्रवीणचा फोन. त्याला मोबाईलवर भाव कळलेला.

"बाबा, त्या बटणाचा नाद सोडा. हातानं विका."

"हे बटण मला हरवणार होय?"

"बाबा... शेत जाईल."

पोराचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. सोडलं बटण. तो सांगेल तशा कळा दाबल्या. पहिल्याच फटक्यात माल विकला गेला. थोडं नुकसान झालं, पण शेताचे पैसे वाचले. त्यानंतर बाजार जो कोसळला, तो बघवत नव्हता.

दुरुस्तीवाल्यानं सगळं उघडून बघितलं. त्याला काय एक सापडलं नाय.

गावी जाऊन नामदेवदादाला सांगितलं, खरं तर चिडवायलाच. तो तंबाखू मळत म्हणाला, "रामा, पाळणूक औताला असते. हातानं बांध घालणाऱ्याला कोणी कधी अडवलंय? तू जुंपलेलं थांबलं, हातानं केलंस ते झालं."

मी म्हटलं, "त्या मशीनला शनिवार-रविवार सुट्टी असते. बैलाला तेवढी पण नसते."

"मग बैलाला दे की," तो म्हणाला आणि चिमूट तोंडात टाकली.

मी नारळ फोडला नाय, फोडणार पण नाय. तुमी म्हणाल सॉफ्टवेअरचा बिघाड. असेल. पण बिघाडाला आमच्या गावची पाळणूक कशी कळायची, हे सांगणारा मला अजून भेटलेला नाय.

प्रवीणला शेवटी मीच पाळणुकीचं सगळं सांगितलं. तो आता पावसाळ्यात रोज संध्याकाळी नामदेवदादाला फोनवर विचारतो, उद्या पाळणूक आहे काय. मी नाय विचारत. नंबर तेवढा लावून देतो.