गाडीला जारचं, औषधाला बोअरचं

आमच्या धाकट्या दिरांना शेतीतलं सगळं कळतं. फक्त पाणी कळत नाही.

काष्टीजवळ आमचं रान आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पातेल्याला पांढरा थर धरतो. म्हणून प्यायला-रांधायला आम्ही विकतचं, जारचं गोडं पाणी घेतो. दिरांनी नवी चारचाकी आणली आणि काचेवर पांढरे डाग पडतात म्हणून तीही जारच्या पाण्यानं धुवायला लागले. उसातल्या तणाचं औषध मात्र बोअरच्या पाण्यात कालवायचं. त्याला कुठं काच असते!

यंदा उसाच्या नव्या लागणीत गाजरगवत, माठ, चांदवेल असं रुंद पानांचं तण माजलं. दिरांनी फवारलं. तणानं जरा मान वाकडी केली आणि आठवड्यात पुन्हा ताठ उभं राहिलं. "औषध डुप्लिकेट हाय," म्हणत त्यांनी दुकानदाराला शिव्या घातल्या. दुसऱ्या दुकानातलं आणलं, त्याचीही तीच गत.

फवारणी फसली की खुरपं माझ्या हातात येतं. माझे गुडघे गेल्या हंगामातच बोलायला लागले होते. अख्खा ऊस खुरपला असता तर मी परत उठले नसते. दिरांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

तिसरी बाटली आली तेव्हा मी म्हटलं, "भावजी, ह्या पान्यातला क्षार औषधाला धरून बसतो. पानात काय जानार मग?"

"वहिनी, तुमी डाळीचं बघा. औषधाचं आमी बघतो."

बरं. सकाळी त्यांनी बोअरच्या पाण्यातच सगळं रान फवारलं, बांधाकडच्या दोन सऱ्या तेवढ्या माझ्यावर टाकल्या आणि जेवून घोरायला लागले. त्यांनी गाडीसाठी ठेवलेला जार मी फवारणीच्या पंपात ओतला, त्याच बाटलीतलं तेवढंच औषध घातलं आणि त्या दोन सऱ्या उरकल्या.

पंधरवड्यानं त्या सऱ्यांतलं गाजरगवत वाळून गेलं होतं आणि चांदवेल सुतळीसारखी उसाला लोंबत होती. शेजारच्या सरीत तण हिरवंगार होतं. दिरांनी वाळलेली चांदवेल ओढून बघितली.

"बाटलीच्या तळाला औषध दाट असतं," ते म्हणाले. "बाकीचं तेवढं खुरपून घ्या."

असला आंधळा माणूस मी जन्मात पाहिला नाही. मी म्हटलं, "तिथं तुमच्या गाडीचं पानी मारलंय."

"माझा जार घेतला तुमी?"

तणाचं काही नाही, जारचं पडलं होतं त्यांना. मी तडक घरी आले आणि खुरपं त्यांच्या चकचकीत गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. ते मागोमाग आलेच. "उरलेल्या सऱ्या तुमच्या," मी म्हटलं.

खुरपायला ते गेले नाहीत, ते काम त्यांच्या शानीत बसत नाही. पुढच्या फवारणीला मात्र गाडीत घालून जारच जार रानात आले. आता पारावर बसून गावाला शिकवतात, औषधाला पाणी गोडंच लागतं, हे आपण शोधून काढलं. शोध त्यांचा असू दे. गुडघे माझे आहेत.