मनकवडे प्राध्यापक आणि शेवंताची साक्ष

चार वकील चहाला बसले की किस्से निघतातच; पण प्राध्यापक मनकवड्यांचे आमच्याकडे इतके साठलेत की चहा दोनदा मागवावा लागतो.

मनकवडे हे आम्ही ठेवलेलं नाव. स्वातंत्र्यानंतरचं पहिलं दशक ते. मी पुण्याच्या कोर्टात सरकारी वकिलांच्या हाताखाली होतो. हे मानसशास्त्र शिकवायचे. बाईवरच्या अत्याचाराची केस असली की आरोपीचे वकील त्यांना आणत. बाई खरी की खोटी, हे ते म्हणे शास्त्राने सांगत.

*

चाकणची एक बाई साक्ष देताना रडली. मनकवडे म्हणाले, "नाटक आहे. खरा धक्का बसलेली बाई गप्प होते."

पुढच्या केसमध्ये आकुर्डीची बाई गप्प उभी राहिली. मनकवडे म्हणाले, "रडली नाही, म्हणजे धक्काच नाही."

आमचे साहेब म्हणाले, "मग बायकांनी एका डोळ्यानं रडावं काय, राव?"

*

मग शेवंताची केस आली. पिंपरीत नवा कारखाना उठत होता, तिथे ती खडी वाहायची. मुकादमाने सिमेंटच्या शेडमध्ये कोंडून तिच्यावर बळजबरी केली होती. नवऱ्याने कोर्टाच्या व्हरांड्यातच बजावलं, "जज्जानं खोटी ठरवली तर घरला येऊ नगंस." मला त्याचा भयंकर राग आला.

*

मनकवड्यांना चेहरे वाचायचाही नाद. व्हरांड्यातल्या एका बाईकडे बोट दाखवून मला म्हणाले, "ही तुमची शेवंता ना? नजर चोरते. पक्की खोटारडी."

"सर, ती मुकादमाची बायको. तो तेव्हा घरी होता, हे सांगायला तुमच्याच बाजूनं आणलीय."

त्या दिवशी ते आमच्यात चहाला आले नाहीत.

*

तरी साक्षीत ठासून म्हणाले, "भ्यालेली बाई ओरडतेच. कुणी ऐकलं नाही, म्हणजे ही ओरडलीच नाही."

"वरडले की," शेवंता म्हणाली. "शेजारी खडीचं मशीन चालू व्हतं."

जज्जसाहेब कमी बोलणारे. सगळ्यांना घेऊन जागा पाहायला पिंपरीला आले, मशीन सुरू करायला लावलं आणि मनकवड्यांना म्हणाले, "आत जा. जीव तोडून ओरडा."

दार लागलं. आम्ही बाहेर उभे. थोड्या वेळाने मशीन थांबवलं, दार उघडलं. मनकवडे घामाघूम, चष्म्यावर सिमेंट, आवाज बसलेला.

"ओरडलात?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"ओरडलो तर. घसा फुटेस्तोवर."

"कुणी ऐकलं?"

आम्ही सगळ्यांनी नकाराच्या माना हलवल्या. मुकादमाच्या वकिलांनीही हलवली.

शेवंता मागे उभी होती. पदर सारखा करून पुढे आली.

"ते वरडलं असत्याल, साहेब. माझा इस्वास हाय त्यांच्यावर."