आंघोळ नको, आधी कोरडं करा

डॉ. शैलजा दाबके यांची आणि माझी पहिली भेट मुलाखतीच्या टेबलावर झाली. बाजार नुकता खुला झाला होता आणि विज्ञानाची हुशार मुलं संगणकाच्या क्लासकडे पळत होती. बाईंच्या विभागातल्या प्राण्यांच्या शरीरशास्त्राच्या जागेसाठी मी एकटाच उमेदवार होतो. बाईंनी माझी प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि विचारलं, "घरी जेवताना 'डुक्कर' हा शब्द चालतो का?"

"नाही," मी म्हणालो. आम्ही कोथरूडचे.

"मग डबा इथंच खात जा."

पुढं निवृत्त होईपर्यंत मी डबा तिथंच खाल्ला. आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी 'पशुसंशोधन' असा सभ्य शब्द सुचवला आहे. बाईंना तो चालणार नाही, म्हणून मी डुक्करच लिहितो.

नुकतं जन्मलेलं डुकराचं पिल्लू अंगातली ऊब कशी टिकवतं, या एका प्रश्नावर बाईंनी उमेदीची वर्षं घालवली. उत्तर असं की, ते फारशी टिकवत नाही. अंगावर दाट केस नाहीत, कातडीखाली चरबी नाही. माणसाच्या बाळाजवळ ऊब निर्माण करणारी खास चरबी असते, तीही त्याच्याजवळ नसते. ते ओलं जन्मतं आणि अंगावरचं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. मग कुडकुडायचं, भावंडांना चिकटायचं आणि आईचा चीक लवकर गाठायचा, एवढंच त्याच्या हाती. गारठलेलं पिल्लू चिकासाठी उठत नाही, आणि चीक न प्यालेलं आणखी गारठतं. त्यात आईला मात्र गारवा हवा असतो. बाई वर्गात सांगत, "पंखा हवा असलेली एक आणि दुलई हवी असलेले दहा, सगळे एकाच खोलीत. खोली तापवू नका, कोपरा तापवा."

हिंजवडीत तेव्हा शेतं होती. वर्ध्याकडून आलेल्या पुष्पाबाई आणि त्यांचे यजमान तिथं डुकरं पाळत. हिवाळ्यात लागोपाठ दोन वेतांची पिल्लं दगावली होती. येणारं वेतही गेलं तर माद्या विकून आपण कंपनीच्या गेटवर वॉचमन होणार, असं यजमानांनी जाहीर केलं होतं. पुष्पाबाईंना माद्या विकायच्या नव्हत्या. मादी व्यायला लागल्याचा त्यांचा निरोप आला तेव्हा बाई कुठल्याशा सत्कारात होत्या. तिथूनच त्या माझ्या स्कूटरवर बसल्या.

आम्ही पोचलो तर मादी वीत होती आणि पुष्पाबाई कोमट पाण्याची बादली घेऊन एकेका पिल्लाला न्हाऊ घालत होत्या.

"हे काय करताय?"

"काहून जी बाई? लेकरू झालं का आंघोळ घालाच लागते ना!"

बाईंनी बादली पायानं दूर सारली. "आंघोळ नको. आधी कोरडं करा."

पुसायला काही नव्हतं, गोणपाटंही दमट होती. बाईंनी पिशवीतून सत्काराची शाल काढली आणि एक पिल्लू पुसायला घेतलं. शाल पाणी टिपेना. "जरीची आहे. शोभेची," म्हणून त्यांनी ती माझ्या खांद्यावर टाकली. एवढ्यात पुष्पाबाईंनी आपलं जुनं सुती लुगडं आणून टराटरा फाडलं. आम्ही तिघांनी पिल्लं कोरडी केली, कोपऱ्यात उबेसाठी लावलेल्या दिव्याखालच्या भुशात ठेवली, आचळाला लावली. एक अगदी मलूल होतं. ते बाईंनी पदरात गुंडाळून पोटाशी धरलं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "कुडकुडायला लागलं. म्हणजे जगेल."

पुष्पाबाई त्या कोमट पाण्याच्या बादलीकडे पाहत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे आधीचे माह्याच हातानं मेले का जी?"

बाई खोटं बोलत नाहीत, त्यामुळे मी धास्तावलो.

"थंडीनं मेली," बाई म्हणाल्या. "हे आम्हाला ठाऊक होतं आणि आम्ही ते इंग्रजीत छापून ठेवलं. तुम्हाला सांगायला कोणी आलं नाही. चूक आमची."

मी सहसा हळवा होत नाही. त्या दिवशी झालो.

ते वेत जगलं आणि वॉचमनची नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. त्यानंतर बाई दर रविवारी गोठ्यागोठ्यांतून हेच मराठीत सांगत हिंडल्या. पुढं ती जमीन कंपनीनं घेतली, पुष्पाबाई आपली डुकरं घेऊन पौडकडे गेल्या. आता तिथल्या काचेच्या इमारतीत मुलं एसीत स्वेटर घालून बसतात. बाईंचं त्यावरचं मत: "यंत्रांना गारवा हवा, पोरांना ऊब. तिथंही कोपरा तापवा म्हणावं."

पंचाहत्तरीच्या सत्कार समितीनं शालीबद्दल विचारलं तेव्हा बाईंनी दोनच अटी घातल्या: शाल सुती हवी आणि ती आपल्याला पुष्पाबाईंनी घालावी. मी पुष्पाबाईंना फोन केला. सत्काराचं त्यांना कळलं होतं आणि सुती शाल त्यांनी आधीच आणली होती. म्हणाल्या, "दोनदा धुतली जी. खळ असली का पाणी टिपत नाही."

बाईंना भरपूर आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. ती शाल शेवटी कुठल्या गोठ्यात जाणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी निदान एक हिवाळा ती बाईंच्या अंगावर राहो.