एझल थ्रॉलच्या मुली

व्हरमाँटच्या आमच्या खोऱ्यात माझ्या वडिलांनी, एझल थ्रॉल यांनी, जंगल तोडून शेत काढलं. आम्ही तिघी बहिणी: लोविना, मी इलेक्टा आणि धाकटी रूबी. भाऊ नव्हता. चर्चबाहेर बायका आईला छेडायच्या, "मेहिटेबल, म्हातारपणी गवत कापणार कोण गं?"

"ज्यांना हात आहेत ते," आई म्हणायची. बाबांनी तिघींनाही लांब दांड्याचे विळे करून दिले होते.

नदीकाठच्या कुरणावर आमच्या गाई जगत आणि गाईंवर आम्ही. पण खालच्या अंगाला गिरणीवाल्या प्रिंगलनं पाणचक्कीसाठी नदीवर घातलेल्या बांधावर फळ्या चढवल्या आणि कुरणात पाणी तुंबलं. गवत कुजलं, लव्हाळा माजला. बाबा सांगायला गेले, तर तो हसला. "एझल, मुलगा तर नाही तुला. कुरण ठेवतोस कुणासाठी? दे विकून मला."

त्या दिवशी बाबांनी ताट बाजूला सारलं. "उद्या बांध फोडतोय. भरदुपारी, सगळ्यांसमोर."

"एकटेच?" लोविना म्हणाली. "मुलगा नाही म्हणून हसला ना तो? मग मुली बघू दे त्याला."

"कुऱ्हाडी चारच आहेत," आई म्हणाली. "मी पहार घेते."

गिरणीपुढे दळणाच्या गाड्या उभ्या होत्या. आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. प्रिंगल दारातून ओरडला, "अरे, अडवा या बायांना!" कुणी हललं नाही. उलट म्हातारे डटन कोट काढून पाण्यात शिरले. त्यांचंही कुरण बुडालं होतं. फळ्या तुटल्या, पाणी धो धो सुटलं, गिरणीचं चाक थांबलं.

बाबांना पकडून नेलं. न्यायाधीश म्हणाले, "माफी माग आणि घरी जा."

"त्याचं पाणी माझ्या शेतात शिरलं, त्यानं मागितली का?"

त्यांना तुरुंगात टाकलं. ऐन गवतकापणीचे दिवस. आम्ही तिघींनी कुरण कापलं, आईनं गाड्या भरल्या. भेटायला गेलो की बाबा आधी विचारत, "वाळलं का नीट?"

पुढच्या सुनावणीला नदीकाठचे सगळे शेतकरी डटनबरोबर कोर्टात येऊन बसले आणि एकेक जण उठून बोलला. फळ्या पुन्हा चढवायच्या नाहीत, असा हुकूम झाला. बाबा सुटले, पण तुरुंगातल्या ओलीनं जडलेला खोकला घेऊनच.

चर्चच्या वडीलधाऱ्यांनी मात्र हट्ट धरला: एझलनं सगळ्यांपुढे उभं राहून पस्तावा सांगावा. बाबा उभे राहिले. "उभा राहा म्हणालात, राहिलो. पस्तावा झाला की कळवतो." आणि खाली बसले. आईला हसू आवरेना. तिनं तोंडावर रुमाल धरला.

त्या खोकल्यानंच ते गेले. रूबी लग्न होऊन ओहायोला गेली. शेत लोविना आणि मी चालवतो, आणि आम्हाला ते कुणी अजून विकत मागितलेलं नाही.