गुर्दे माकडाचे, इटाळ आमचा

"तहान लागली तं माकडाच्या टिनात पाणी हाये," मालक म्हणाला.

त्या टिनात माकडायचं हगणं तरंगत होतं. चैताचं ऊन. सकाळपासून मी पिंजरे धूत होती. ओंजळीत वरून थोडं पाणी टाका, एवढंच म्हटलं होतं. माठ त्याच्या मागंच होता. बाजूचा दिवाणजी खिदळला.

पांढरकवड्याबाहेर मालकाचं कापसाचं गोदाम. कापूस गेला की त्यात माकडं भरत. जंगलातून धरून आणायची, ट्रकनं नागपूरले, तिथून इमानात घालून परदेशात. मालक दर शनवारी मारुतीले तेल वाहे. माकडाले हात लावत नसे. ते काम आमच्या वस्तीतल्या बायायचं. आमी बुद्धाची दीक्षा घेतली होती. पण त्या गोदामाच्या दारात आमची जात जुनीच होती.

घरी भाकर तोंडाजवळ नेली तं ओकारी ये. हागवण लागलेली माकडं एकमेकायवर मरत. एक मादी मेलेलं पिल्लू छातीशी धरून बसली होती. सडलं, तरी सोडेना. मालकानं ते मलेच ओढून काढाले लावलं. त्याचं कातडं माह्या बोटाले चिकटलं.

मंग शहरातून एक डॉक्टर माकडं पाहाले आला. तो मालकाले समजावून सांगे. यायचे गुर्दे, म्हणजे मूत्रपिंडं, काढतात, बारीक चिरतात, त्यातल्या पेशी काचेच्या बाटलीत वाढवतात. त्या पेशीवर रोगाचे विषाणू वाढवायचे आन त्यायचीच लस करायची. लेकरायचे पाय लुळे पाडणाऱ्या तापावरची.

मी तिथंच झाडून राह्यली होती. माहा हात थांबला. माही लेक शांता त्याच तापानं लुळी झालती. अंगणात हातावर घसटत चाले.

पोळ्याच्या सुमारास मालकानं नातवासाठी ती लस मुंबईहून मागवली. येईन त्याले सांगे. मी हिंमत केली. आमच्या वस्तीतल्या लहान लेकरायले भेटन का, म्हणून इचारलं.

तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या लेकरायले कायले लस? लुळं झालं तं भीक चांगली भेटते."

 

मी म्हटलं, "माकडाच्या गुर्द्यावरची दवा नातवाच्या अंगात चालते. मले वरून पाणी टाकलं तं तुमाले इटाळ होते."

झाडू तिथंच टाकला आन घरी आली. बायायले सारं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गोदामात कोणी गेलं नाई. मालकाचा माणूस बोलवाले आला, माकडं सडून राह्यली म्हणे. मालकाले म्हणा, आपल्या हातानं काढ, मी सांगितलं.

शांताले कडेवर घेऊन आमी बाया वस्तीतल्या लेकरायसाठी लस मागाले सरकारी दवाखान्यात गेलो. लस नाई म्हणाले. कधी येईन, त्यायलेही ठाऊक नाई. आमी व्हरांड्यात बसलो. शिपाई उठवाले आला. उठलो नाई.

शांताचे पाय आता सरळ होत नाईत, मले माहीत हाये. पण लस येईन तवा रांगेत आमची लेकरं राहतीन. कोणी काढलं तं मी आडवी पडीन. हात जोडणार नाई.