पोचेचा रकाना

"मेल पाठवलाय. पोचला का?"

चष्मा कपाळावर सरकवून ते फोनवर एवढंच विचारत. पलीकडून होकार आला की जावक रजिस्टरात 'पोच' या रकान्यात बारीक खूण करत. तुमच्याही कचेरीत असे एक गृहस्थ असतील. आमच्या शिक्षणसंस्थेत ते जावक कारकून होते. कागदी टपाल संपलं, पण त्यांचं रजिस्टर संपलं नाही.

"अहो, मेल म्हणजे पोस्टमन नव्हे," मी एकदा म्हणालो. "त्याची सायकल पंक्चर होत नाही."

"पंक्चर दिसतं तरी, साहेब."

संगणक विभाग माझ्याकडे होता. जुना मेल सर्व्हर काढून नवा बसवला तेव्हा अध्यक्षांनी त्याला हार घातला. सर्व्हरच्या पंख्यात अडकू नये म्हणून तो मी उतरवला. त्याच भरात मी परिपत्रक काढलं : मेल पाठवल्यावर फोन करून विचारू नये, संस्थेला शोभत नाही. ते सर्वांसाठी होतं; कोणासाठी होतं, हेही सर्वांना ठाऊक होतं. त्यांनी वाचून सही केली.

त्याच आठवड्यात, शनिवारी, त्यांचा निवृत्तीचा समारंभ होता. निवृत्त होऊन पांगलेल्या जुन्या सहकाऱ्यांना त्यांनी स्वतःच निमंत्रणं मेल केली. गुरुवारी ते माझ्या टेबलाशी आले.

"साहेब, एकाचंही उत्तर नाही. फोन करू का?"

"पुन्हा तेच? मेल गेलाय. येतील हो." मी स्क्रीनवरून नजरही हलवली नाही.

शनिवारी खुर्च्यांच्या पाच रांगा मांडल्या होत्या. आम्ही कचेरीतले पहिलीत मावलो. भाषण चालू असताना ते दाराकडे बघत होते. शेवटी गार झालेला बटाटेवडा हातात घेऊन म्हणाले, "चालायचंच. पेठेत पार्किंग मिळत नाही. लोक तरी काय करतील?"

सोमवारी उलगडा झाला. मेल आतल्या आत पोचत होते, बाहेर एकही नाही. बाहेरच्या सर्व्हरना आमच्या नव्या सर्व्हरची ओळख पटावी म्हणून एका ओळीची नोंद करावी लागते. ती मी विसरलो होतो. नोंद केली. अडकलेल्या मेलांच्या रांगेत त्यांची सगळी निमंत्रणं उभी होती. ती आता सोडली असती, तर समारंभ उलटल्यावर पोचली असती आणि चूक कोणाची ते चारचौघांत कळलं असतं. मी तेवढी पुसली आणि बाकीची रांग सोडली.

ते बिबवेवाडीचं घर बंद करून मुलीकडे नाशिकला गेले. लोक आपल्याला विसरले, असं समजूनच गेले. मी अजून त्यांना काही सांगितलेलं नाही.

रजिस्टर माझ्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर निमंत्रितांची नावं एकाखाली एक, आणि पोचेचा रकाना कोरा. तळाशी त्यांच्या नेटक्या अक्षरात एक ओळ : 'परिपत्रकानुसार फोन केलेला नाही.'