न शिकवलेला र

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वाशीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी मुलांची स्पीच थेरपी करायचे. जिन्याखालची खोली, एक आरसा, चित्रांची कार्डं आणि माझा स्वतःचा टेपरेकॉर्डर. दुपारी लाइट गेली की पंखा बंद, आणि त्या उकाड्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचा.

मी थकले होते, आणि तो थकवा नुसता अंगाचा नव्हता. मुलं सुधारायची, आया पेढे आणायच्या. पण मूल वर्षभर माझ्याकडे येतं, तेव्हा ते वर्षाने मोठंही होतं. ते माझ्यामुळे नीट बोलू लागलं की वयामुळे? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "मूल बोलतंय ना? मग झालं तर." माझं मात्र तेवढ्याने समाधान होत नव्हतं.

त्याच सुमारास कोपरखैरणे गावातून एक मुलगी येऊ लागली. दुसरीत होती. 'क'ला 'त' म्हणायची आणि 'र'ला 'ल'. काका म्हणजे ताता, रिक्षा म्हणजे लित्शा. पोरं चिडवतात म्हणून शाळेत तिने बोलणंच सोडलं होतं. आई रबाळ्याच्या कारखान्यात पॅकिंगला. अर्धी रजा टाकून तिला घेऊन यायची.

मी ठरवलं, काही महिने फक्त 'क' शिकवायचा. 'र'ला हातच लावायचा नाही. दोन्ही सारखेच सुधारले, तर बहुधा वयाने सुधारले. 'क'च सुधारला, तर माझ्या शिकवण्यात काहीतरी आहे.

आईला सांगितलं तशी ती वैतागली. "दोन अक्षरं चुकतात, तं दोनी शिकवा ना बाय. एकाला बाजूला कशाला ठेवता?"

"ताई, मी शिकवते त्याचा खरंच उपयोग होतो का, ते मला बघायचंय."

"म्हंजी तुमाला म्हाईत नाय?"

"नाही."

ती मुलीच्या वेण्या सारख्या करत म्हणाली, "बरं. पन नंतर त्यो बी शिकवा."

दर आठवड्याला तीच कार्डं दाखवून मी तिचं बोलणं टेप करायचे. 'क' हळूहळू घशाकडे सरकू लागला. एकदा ती आरशात बघून जीभ वर वळवायला लागली. "बाई, मना दुसला तवा शितवाल?" दमून गेली की तिचा 'क' अजून निसटायचा. दुसरा कधी शिकवणार, असं ती विचारत होती. मी हसले आणि पुढचं कार्ड उचललं. ज्या कामासाठी मूल येतं तेच त्याला नाकारायचं, याने घरी जाईपर्यंत गळून गेल्यासारखं व्हायचं.

शेवटी एकावरून दुसऱ्यावर उतरवायला शेजारच्या काकूंचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि तिच्या बोलण्याचे सगळे तुकडे पुढचे मागे, मागचे पुढे करून एका कॅसेटवर घेतले. ऐकून बरोबर की चूक ते सांगायचंही काकूंनीच. त्या साताऱ्याकडच्या निवृत्त शिक्षिका. मुलगी त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि कुठला तुकडा आधीचा, कुठला नंतरचा, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. माझे कान माझ्याच बाजूने झुकले असते.

काकूंनी 'पानी' चूक धरलं, 'हाय'ही.

"काकू, ती तिच्या घरची बोली आहे. ते बरोबर धरायचं."

"तू धरशील गं. शाळेत कोण धरणार?"

कॅसेट मागे घेऊन आम्ही पुन्हा सुरुवात केली.

नंतरच्या तुकड्यांत 'क' स्वच्छ निघाला. 'र' होता तिथेच होता. म्हणजे 'क' सुधारला ते माझं काम होतं. इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं, पण आनंद व्हायलाही अंगात काही उरलं नव्हतं. काकूंनी चहा टाकला, तो मी प्यायले.

दुसऱ्याच दिवसापासून 'र' घेतला. तो हट्टी निघाला. महिने गेले, मग खरखरत का होईना, आला. आई म्हणाली, "आता वर्गात धडा वाचते. बाईंनी उभी केली व्हती." मुलगी मात्र दाराआड लपली.

डॉक्टर म्हणाले, "एका मुलीवरून काय ठरतं?" खरंच होतं. म्हणून मी पुढच्या मुलांशीही तसंच केलं. वाशीच्याच सेक्टरमधल्या एका लहान मुलात न शिकवलेला आवाजही शिकवलेल्याइतकाच सुधारला. मी त्याच्या वडिलांना सांगितलं, "याला माझी गरज दिसत नाही. थांबून बघू." त्यांना ते पटलं नाही. "आम्ही ट्रीटमेंटला आलोय, थांबायला नाही," म्हणाले, आणि आठवड्यातून दोनदा बोलावणाऱ्या मुंबईतल्या कुणाकडे ते मुलाला घेऊन गेले. मी त्यांना अडवलं नाही. बाहेर बाकावर तीन आया मुलांना घेऊन बसल्या होत्या. पहिलीला आत बोलावलं.